दाताचे मुद्दल : ‘रूट कॅनाल’ म्हणजे काय आणि ते केव्हा करावे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरसाल बाजारपेठेचा आढावा येतो, नव्या कायद्यांची माहिती येते, दिवंगत सभासदांचे स्मरण होते आणि गुणी विद्यार्थ्यांची नामावली छापली जाते. या मालिकेत दातांवरील लेखास काय स्थान, असे पुष्कळ सभासद बंधूंस वाटेल. संपादक मंडळातील एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांस हाच प्रश्न केला होता. त्यांस आम्ही जे उत्तर दिले तेच येथे देतो. व्यापाऱ्यास मुद्दल आणि व्याज यांतील भेद सांगावा लागत नाही. व्याज बुडाले तर माणूस पुन्हा उभा राहतो. मुद्दलच गेले तर पेढी बसते. देहाच्या ठेवीत दात हे असे मुद्दल आहे की ते एकदा खर्ची पडले म्हणजे पुन्हा जमा होत नाही. आणि याच मुद्दलाच्या बाबतीत आम्ही व्यापारी लोक कमालीचे गाफील असतो. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केली नसावी.

आम्ही वैद्य नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. आमचा धंदा गुळाच्या अडतीचा. जे पुढे लिहीत आहोत ते काही स्वतःच्या जबड्याने शिकवलेले आहे, काही आमच्यावर उपचार करणाऱ्या दंतवैद्यांनी समजावून दिलेले आहे आणि काही नंतर जिज्ञासेने वाचलेले आहे. वाचकांनी यावरून स्वतःच निदान करू नये. दंतवैद्याकडे जाण्याची वेळ ओळखावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची हकिकत

गुळाच्या व्यापाऱ्यास दिवसभर गूळ चाखावा लागतो. सौद्यास आलेल्या प्रत्येक मालाचा खडा जिभेवर ठेवल्याशिवाय त्याची कणी, गोडी आणि खारटपणा कळत नाही. हंगामात अशी चाखणी किती वेळा होते, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. त्यावर गादीवरचा चहा. तात्पर्य, सकाळी नवापासून दिवेलागणीपर्यंत आमच्या तोंडात साखर नाही असा अर्धा तास क्वचितच जात असे.

एका संक्रांतीच्या सुमारास उजव्या बाजूच्या खालच्या दाढेत थंड पाण्याने झिणझिण्या येऊ लागल्या. क्षणभर कळ येई आणि जाई. आम्ही लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, बरे वाटले. पुढे चहाच्या गरम घोटानेही कळ येऊ लागली आणि ती घोट गिळल्यावरही पाच-दहा मिनिटे राहू लागली. घरातून दोन-तीनदा सांगणे झाले की, डॉक्टरांकडे जाऊन या. आम्ही म्हणालो, हंगाम संपू द्या. अखेर माघातल्या एका रात्री असा ठणका लागला की अंथरुणावर पडवेना. उठून बसलो की किंचित कमी, आडवे झालो की दुप्पट. कान, कानशील, मान, सगळी उजवी बाजू पेटल्यासारखी झाली. पहाटेपर्यंत ओसरीत येरझारा घातल्या आणि उजाडताच दवाखाना गाठायचा, असा निश्चय केला.

तीन-चार दिवस वेदनाशामक गोळ्यांवर काढले आणि आश्चर्य असे की, दुखणे आपोआप थांबले. थंड लागेना, गरम लागेना. आम्हांस केवढा आनंद झाला! ज्या दुखण्यास औषध नको, पैसा नको, ते गेलेच म्हणून समजलो आणि निश्चय सोडून दिला.

वस्तुतः त्या दिवशी आमचे दुखणे गेले नव्हते; दाताची नस मेली होती. हा भेद न कळल्यामुळे पुढचा सारा प्रसंग ओढवला.

भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी उठलो तो उजवा गाल सुजलेला. दात दातावर टेकवेना. दाढ जणू इतरांपेक्षा वर उचलली गेली होती. आमचे एकाशनाचे व्रत चालू होते, मंदिरातून परतून तसेच दुकानी जाऊन बसलो. दुपारपर्यंत सूज जबड्याखाली उतरू लागली. इतक्यात आमचे चुलते, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते, काठी टेकीत दुकानात आले. वय पंच्याऐंशीच्या घरात. सहसा ते दुकानाची पायरी चढत नाहीत. त्यांनी काही न विचारता आमच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, “ऊठ. गादीवर मी बसतो. माझ्या वेळी मला कुणी उठवलं नाही.”

अण्णांच्या वेळची गोष्ट आमच्या घरात सर्वांस ठाऊक होती. पण ठाऊक असणे आणि उमजणे यांत अंतर असते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी त्यांचीही अशीच एक दाढ दुखून दुखून थांबली होती. पुढे एकदा हनुवटीखाली सूज आली. शेक घेत आणि लेप लावीत दोन दिवस घरी गेले. तिसऱ्या रात्री जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळवेना आणि श्वास लागू लागला. इस्पितळात मानेस छेद देऊन पू काढावा लागला. अकरा दिवस ते तेथे होते. वाचले, हे आमचे भाग्य. दाताच्या मुळाशी झालेला पू जबड्याखालच्या भागात पसरून श्वासमार्ग कोंडतो, या व्याधीचे वर्णन लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने १८३६ साली केले आहे आणि आजही ती लुडविगच्याच नावाने ओळखली जाते. हल्ली औषधे चांगली असल्याने ती विरळ झाली आहे. पण विरळ म्हणजे अशक्य नव्हे.

आम्ही उठलो. त्याच दुपारी दंतवैद्यांसमोर खुर्चीत बसलो.

दाताच्या आत काय असते

क्ष-किरण छायाचित्र पडद्यावर लावून डॉक्टरांनी आम्हांस जे दाखवले ते प्रथम सांगतो, कारण दाताची रचना कळल्याशिवाय उपचाराचे मर्म कळत नाही.

दात वरून दगडासारखा दिसतो म्हणून तो आतूनही दगड असेल, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. सर्वांत बाहेर दंतवल्काचे कवच असते. मानवी देहातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. त्याच्या आत त्याहून मऊ असा दंतिनाचा थर असतो. आणि त्याच्याही आत, मध्यभागी, एक लहानशी पोकळी असते. तीत सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांनी युक्त असा जिवंत मऊ भाग असतो. शास्त्रात त्यास दंतमज्जा म्हणतात; आपण बोलीत ‘दाताची नस’ म्हणतो. ही मज्जा मुळांतील बारीक नळ्यांतून खाली उतरते आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून जबड्याच्या हाडातील रक्तप्रवाहास जोडलेली असते. याच नळ्यांना इंग्रजीत ‘रूट कॅनाल’ असे नाव आहे. म्हणजे रूट कॅनाल हे वस्तुतः अवयवाचे नाव. आपण ते उपचाराचे नाव करून टाकले आहे.

पुढच्या दातास बहुधा एक नळी असते. खालच्या मोठ्या दाढेस सामान्यतः दोन मुळे व तीन नळ्या, क्वचित चार. वरच्या मोठ्या दाढेस तीन मुळे आणि पुष्कळदा चार नळ्या. दाढेच्या माथ्यापासून मुळाच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे वीस-बावीस मिलिमीटर आणि टोकाशी नळीची रुंदी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. शिवाय या नळ्या सरळ नसतात. वळतात, फाटे फोडतात. एवढ्या अरुंद आणि वाकड्या बोळातील घाण काढावयाची, हे या उपचारातील खरे कौशल्य होय.

आता कीड कशी लागते ते पाहू. तोंडातील जंतू साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल करतात. ते आम्ल कवचातील क्षार विरघळवते. कवचास मज्जातंतू नसल्याने तेथे छिद्र पडले तरी दुखत नाही. कीड दंतिनात शिरली की थंड-गोड लागू लागते. येथपर्यंत साधे भरण, ज्यास आपण चांदी किंवा सिमेंट भरणे म्हणतो, ते पुरते. कीड मज्जेपर्यंत पोहोचली म्हणजे मात्र मज्जा सुजते. देहात अन्यत्र सूज आली तर त्वचा ताणली जाते, सुजेस जागा मिळते. मज्जेच्या चारी बाजूंस कठीण भिंती. सुजेने पसरावे कोठे? म्हणून आतला दाब वाढतो आणि असह्य ठणका लागतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री दुखणे अधिक.

सुजलेल्या मज्जेचा रक्तपुरवठा अखेर बंद पडतो आणि ती मरते. मेलेला मज्जातंतू दुखत नाही. म्हणून दुखणे थांबते आणि आमच्यासारखे लोक आनंद करतात. परंतु आतल्या मृत भागावर जंतूंची वसाहत वाढत असते. तेथे रक्त पोहोचत नाही, म्हणून देहाचे रक्षक पेशी पोहोचत नाहीत आणि रक्तातून जाणारे औषधही पोहोचत नाही. मुळाच्या टोकातून विष बाहेर झिरपते आणि तेथील हाड हळूहळू झिजते. आमच्या छायाचित्रात मुळाच्या टोकाशी हरभऱ्याएवढा काळा डाग होता. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही ज्याला आराम म्हणत होता, त्या सहा महिन्यांत एवढं हाड गेलंय.” न बोलणाऱ्या खात्यात सर्वांत मोठी तूट निघावी, तसे आम्हांस झाले.

केवळ गोळ्या घेऊन हे दुखणे का बरे होत नाही, याचेही उत्तर यातच आहे. सूज पसरत असेल, ताप असेल तर प्रतिजैविक औषध अवश्य द्यावे लागते. पण ते बाहेर पडलेल्या जंतूंना आवरते, दाताच्या आतील वखार तशीच राहते. गोळ्यांनी उतार पडला म्हणून पुढचा उपचार टाळणे म्हणजे आग लागलेल्या गोदामाचे दार लावून घेण्यासारखे आहे.

थोडा पूर्वेतिहास

दातात किडा असतो व तो दात पोखरतो, ही समजूत बाबिलोनपासून आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत सर्वत्र होती. ‘दाताला कीड लागली’ हा आपला शब्दप्रयोग आजही तिची साक्ष देतो. फ्रान्समधील पियेर फोशार याने १७२८ साली दंतवैद्यकावरील आपल्या मोठ्या ग्रंथात, आपणांस असा किडा कोठेही आढळला नाही, असे नमूद केले. तरीही मुळातील नळी साफ करून दात राखण्याची कला विकसित होण्यास आणखी शतक लोटले. १८३८ मध्ये अमेरिकेतील एडविन मेनार्ड याने घड्याळाची स्प्रिंग घासून नळी साफ करण्याची पहिली बारीक सळई बनवली, असे मानतात. १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नम याने दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावून तो कोरडा ठेवण्याची युक्ती काढली. ती आजही चालते. १८९५ मध्ये राँटगेन याने क्ष-किरणांचा शोध लावला आणि चारच वर्षांनी न्यू ऑर्लीन्स येथील एडमंड केल्स हा दंतवैद्य नळीची लांबी त्या किरणांनी मोजू लागला. किरणांचा धोका तेव्हा कोणास ठाऊक नव्हता. केल्सला त्यापायी आपली बोटे आणि पुढे हात गमवावा लागला. आज छायाचित्रास लागणारी किरणांची मात्रा अत्यल्प असते, ती अशा माणसांच्या अनुभवावर उभी आहे.

मध्यंतरी या उपचाराच्या मागे एक शुक्लकाष्ठ लागले होते. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियल येथे व्याख्यान देऊन दातांतील दूषित जागा देहभर रोग पसरवतात, असे प्रतिपादन केले. त्याचा रोख मुख्यतः अस्वच्छ दंतकामावर होता. परंतु परिणाम असा झाला की, पुढील दोन-तीन दशके पाश्चात्य देशांत संधिवातापासून वेडापर्यंत कोणत्याही विकारावर रोग्याचे दात सरसकट उपटले जाऊ लागले. दात गेले, विकार राहिले. सावध अभ्यासाने ती कल्पना मागे पडली. १९६५ मध्ये अमेरिकेत उंदरांवर एक महत्त्वाचा प्रयोग झाला. जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या आणि साध्या अशा दोन्ही प्रकारच्या उंदरांची दंतमज्जा उघडी केली. साध्यांची मज्जा मेली. जंतुरहितांची मात्र आपोआप सांधली गेली. जंतू हाच मूळ शत्रू आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. रूट कॅनाल केलेल्या दातामुळे कर्करोग वगैरे होतो, असा मजकूर आजही भ्रमणध्वनीवरून फिरत असतो. तो त्या जुन्या, सोडून दिलेल्या कल्पनेचाच वारस आहे. त्यावर विश्वास ठेवून चांगला दात काढून घेऊ नये.

उपचार कसा होतो

आमच्यावर तीन बैठकींत उपचार झाला. दात अत्यंत दूषित नसेल तर एका-दोन बैठकींतही तो होतो. आमची सूज आधी उतरवावी लागली. पहिल्या दिवशी दाढ वरून उघडून पूस वाट करून दिली आणि त्याच क्षणी आतला ताण निम्म्याने उतरला.

प्रथम सुई देऊन जागा बधिर करतात. सुईची भीती पुष्कळांस असते. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन याने लिडोकेन हे द्रव्य तयार केले आणि १९४८ पासून ते वापरात आले. त्यानंतर दंतवैद्याच्या खुर्चीतील वेदनांचे स्वरूपच पालटले. सुई टोचल्याची कळ सोडता आम्हांस काही कळले नाही. ज्याची दाढ अतिशय सुजलेली असते त्यास कधी अधिक मात्रा लागते. अशा वेळी संकोच न करता हात वर करून सांगावे. ‘रूट कॅनाल फार दुखते’ अशी जी ख्याती आहे ती बहुधा उपचारापूर्वीच्या दुखण्याची आहे.

नंतर दाताभोवती रबरी पडदा लावतात. त्यामुळे थुंकीतील जंतू दातात जात नाहीत आणि बारीक हत्यार किंवा औषध घशात जात नाही. मग दाताच्या माथ्यावर छिद्र पाडून प्रत्येक नळीचे तोंड शोधतात. नळीची लांबी एका विद्युत् उपकरणाने व क्ष-किरणांनी निश्चित करतात. कारण टोकाच्या अलीकडे थांबले तर घाण राहते आणि पलीकडे गेले तर हाडास इजा होते. निकेल व टायटॅनियम यांच्या लवचिक कानशींनी नळी घासतात आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रवाने वारंवार धुतात. कानस पोहोचत नाही अशा फाट्यांतील जंतू या द्रवानेच मरतात. गरजेप्रमाणे आत औषध ठेवून काही दिवस दात तात्पुरता बंद करतात. शेवटी नळी कोरडी करून टोकापर्यंत घट्ट भरतात, म्हणजे जंतूंस पुन्हा जागा राहू नये.

भरण्याचा पदार्थ कोणता, हा प्रश्न आपल्या समाजात हटकून विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्या पदार्थाचे नाव गुट्टा-पर्चा. हा मलाया व आसपासच्या द्वीपांतील वृक्षांचा चीक होय. हे वृक्ष आपल्या चिकू, मोह आणि बकुळ यांच्याच कुळातले. एके काळी समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर याच चिकाचे वेष्टन असे. १८५१ साली इंग्लंड व फ्रान्स यांमध्ये टाकलेली तार त्यानेच मढवलेली होती. १८६७ मध्ये बोमन या अमेरिकन दंतवैद्याने तो दाताच्या नळीत भरला आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्याची जागा पूर्णपणे दुसऱ्या कशाने घेतलेली नाही. भरणासाठी त्यात जस्ताचे भस्म मोठ्या प्रमाणात मिसळलेले असते. तेव्हा या मूळ भरणाविषयी शाकाहारी माणसास शंका घेण्याचे कारण नाही. औषधांच्या कॅप्सूलचे वेष्टन मात्र पुष्कळदा प्राणिज असते. डॉक्टरांस आधी सांगितल्यास बहुधा त्याऐवजी गोळी लिहून देता येते.

लवंगेच्या तेलाविषयीही येथेच सांगतो. आपल्या आजीचे हे औषध खोटे नाही. त्यातील युजेनॉल हे द्रव्य मज्जातंतूस शांत करते आणि जस्तभस्मात ते मिसळून केलेले तात्पुरते भरण दंतवैद्यही वापरतात. फक्त ते दुखणे शमवते, कीड काढत नाही. पहाटेपर्यंत निभावण्यास ते ठीक; हंगाम निभावण्यास नव्हे.

नळ्या भरल्यानंतर काम संपले, असे समजून पुष्कळ लोक परत फिरकत नाहीत. हीच दुसरी मोठी चूक. कीड आणि उपचार या दोहोंमुळे दाढ पोकळ झालेली असते. चावण्याचा भार पडून ती उभी चिरली म्हणजे ती काढण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून वर कायमचे भरण करून दाढेवर टोपी, म्हणजे कॅप, बहुधा बसवावीच लागते. तात्पुरते भरण महिनोन्महिने तसेच ठेवले तर त्यातून थुंकी झिरपून केलेले काम वाया जाते.

काढावा की राखावा

“एवढा खटाटोप कशाला? शे-पाचशेत दात काढून टाकावा!” असे पेठेत नेहमी ऐकू येते. हिशेबाच्या भाषेतच याचे उत्तर देऊ. दात काढणे स्वस्त खरे. पण मागे राहिलेली रिकामी जागा स्वस्त नसते. शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, घास एकाच बाजूने चावला जातो. जागा भरावयाची तर दोन्ही बाजूंचे निरोगी दात घासून पूल बसवावा लागतो, अथवा हाडात धातूचे मूळ रोवावे लागते. त्याचा खर्च रूट कॅनाल व टोपी यांहून बहुधा अधिक होतो. आणि एवढे करूनही आपल्या मुळाचा दात तो आपलाच.

तथापि प्रत्येक दात राखावाच असा आग्रह नको. मूळ उभे चिरले असेल, हिरडीखालील हाड फार गेले असेल किंवा टोपी धरण्याइतकाही दात उरला नसेल, तर तो काढणेच शहाणपणाचे. उपचार नीट झाला तर दहांपैकी आठ-नऊ दात वर्षानुवर्षे टिकतात. उरलेल्यांत एखादी नळी सापडलेली नसते, बारीक चीर असते किंवा वरचे भरण गळते. असे दात पुष्कळदा पुन्हा उपचार करून वाचवता येतात. सहा महिन्यांनी व वर्षाने छायाचित्र काढून हाड भरून येत आहे की नाही हे पाहावे.

सभासदांच्या काही शंका

उपवासात किंवा सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याच्या व्रतात हा उपचार करता येतो काय? तातडी नसेल तर पर्वापूर्वी किंवा पर्वानंतरची सकाळची वेळ घ्यावी. डॉक्टरांस व्रताची कल्पना दिल्यास औषधाच्या वेळा दिवसा बसवणे पुष्कळदा शक्य असते. परंतु सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळण्यास त्रास यांपैकी काही असेल तर पर्व संपण्याची वाट पाहू नये. आम्ही आमच्या व्रतासंबंधी मंदिरातील ज्येष्ठांस विचारले, तेव्हा, “आधी देह सावर, व्रत पुढच्या वर्षी आहे,” असे त्यांनी सांगितले.

मधुमेह असलेल्यांनी उपाशीपोटी जाऊ नये; नेहमीचे औषध व आहार घेऊन जावे आणि साखर ताब्यात आहे की नाही हे डॉक्टरांस सांगावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. हृदयाची झडप बदललेली असल्यास तेही आधी सांगावे. गर्भवतींनी दुखणे अंगावर काढू नये. योग्य काळजी घेऊन उपचार होऊ शकतो. मुलांस खेळताना पुढच्या दातावर मार बसला आणि काही काळाने तो दात काळसर पडला, तर कीड नसतानाही नस मेलेली असू शकते. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नये. बधिरपणा उतरेपर्यंत खाऊ नये, नाहीतर गाल चावला जातो. उपचारानंतर दोन-चार दिवस चावताना हुळहुळणे स्वाभाविक आहे. वाढती सूज स्वाभाविक नाही.

आणि कीडच लागू नये म्हणून? आमचे डॉक्टर म्हणाले की, किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे दातास अधिक बाधते. जेवणाबरोबरचा लाडू परवडतो. गादीवरचे दहा गोड चहा परवडत नाहीत. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावे. आमच्या भागात बायाबापड्या मिशरी लावतात. तिने दात स्वच्छ होत नाहीत, उलट तंबाखूचे विष हिरडीत जाते. आम्ही स्वतः आता मालाचा खडा चाखल्यावर लगेच पाण्याने चूळ भरतो. आमचे दिवाणजी प्रथम हसले. हल्ली त्यांच्या बैठकीजवळही तांब्या असतो.

असो. आमची दाढ आज जागेवर आहे. वर्षाने काढलेल्या छायाचित्रात तो काळा डाग जवळजवळ भरून आला होता. ते छायाचित्र आम्ही अण्णांना दाखवले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “मग माझ्या दाढेचंही असंच झालं असतं का रे?” आम्ही होय म्हणालो. ते काही बोलले नाहीत. उजव्या बाजूस दाढा नसल्याने गेली कित्येक वर्षे ते भाकरी दुधात कुस्करून खातात.

सभासद बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे की, वहीपूजनापूर्वी जसे वर्षाचे येणे-देणे तपासतो, तसे वर्षातून एकदा घरातील लहानथोरांचे दात तपासून घ्यावेत. बेळगावात दंतवैद्यकाची महाविद्यालये आहेत, शिकाऊ डॉक्टर वडीलधाऱ्या अध्यापकांच्या देखरेखीखाली तेथे काम करतात. जवळपास सर्व मोठ्या गावांत आता ही सोय आहे. मंडळाने वार्षिक सभेच्या दिवशी तपासणीचे एक शिबिर ठेवले तर त्याचा खर्च फारसा येणार नाही. आणि कोणाची दाढ दुखता दुखता आपोआप थांबली असेल, तर त्यांनी हा लेख बाजूस ठेवून उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जावे. गादीवर बसावयास घरात कोणी ना कोणी असतेच.